पाठीवरचा आवाज

आमच्या घरात दोन भित्री माणसं होती. एक मी, आणि दुसरे आप्पा. माझी भीती सगळ्यांना दिसायची, कारण ती माझ्या गुडघ्यांत राहायची. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा म्हटलं की गुडघ्यांतलं बळच जायचं. आप्पांची भीती कुणाला दिसत नसे, कारण ती रागाच्या रूपानं बाहेर पडायची. ते ओरडले की आई म्हणायची, त्यांचा स्वभावच तापट आहे. मीही कितीतरी वर्षं तसंच समजत होते. आता या वयात मागं वळून बघते तेव्हा वाटतं, त्या घरात माझ्याहून जास्त घाबरलेलं माणूस आप्पाच होते.

बेळगावला लागून असलेल्या वडगावातलं आमचं घर म्हणजे पुढं ओसरीसारखा सोपा, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर आणि शेजारी पत्र्याची शेड. शेडमध्ये अण्णाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे, दोन यंत्रमाग. माजघरात आप्पांचा हातमाग. हा जुन्या पद्धतीचा खड्डामाग. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसणार, पायांनी खालच्या पावड्या दाबणार, एका हातानं दोरी ओढून धोटा इकडून तिकडं पळवणार आणि दुसऱ्या हातानं फणीचा ठोका मारून धागा बसवणार. यंत्रमाग आल्यावर अण्णानं कितीदा तरी सुचवलं की हा खड्डा बुजवूया, तिथं कपाट बसेल. आप्पा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत, नुसते उठून जायचे. मागावर एक अर्धवट लुगडं कायमचं चढवलेलं होतं. ते कुणी विणायला सांगितलेलं नव्हतं की कुठं विकायचं नव्हतं. घरात भांडण झालं किंवा जीव थाऱ्यावर नसला की आप्पा खड्ड्यात उतरायचे आणि दोन बोटं विणून वर यायचे. ‘ठक्’ असा एक जाड, लाकडी ठोका, मग जरा उसंत, मग पुन्हा ‘ठक्’. पाळण्यात असल्यापासून मी तो ऐकलेला होता.

यंत्रमागाचा आवाज वेगळा. तो उसंत घेत नाही. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात माग, त्यामुळं सकाळी चहाच्या आधीपासून सगळी गल्ली दणाणत असायची. आम्ही सगळे मोठ्यानं बोलायचो. पाहुण्यांना वाटायचं, ह्यांचं भांडण चाललंय. वडगावात वाढलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय हे करंट गेल्यावरच कळायचं. करंट गेला की माग थांबायचे, बाप्ये दारात येऊन बसायचे, बिड्या निघायच्या, बायका तेवढ्यात पाणी भरून घ्यायच्या, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय तेही कळायचं, जणू नाकालाही मागाच्या आवाजात वास येत नसावा. आमच्याकडे बहुतेक जोंधळ्याची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी असायची. त्या भाजीवर आई लसणाची फोडणी ओतायची तो चर्र आवाज मी फक्त करंट गेलेला असतानाच ऐकलेला आहे.

मागाच्या त्या खड्ड्यात मी पडले आणि मला दिसेनासं झालंय हे घराला कळलं. संध्याकाळची वेळ होती, दिवे लागायचे होते. आप्पा सोप्यात बसले होते आणि मी त्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून निघाले होते. रांगायला लागले तेव्हापासून ज्या खड्ड्याला वळसा घालून मी चालत आले, त्यातच मी ताटासकट गेले. ताट इतक्या जोरात वाजलं की शेडमधून अण्णा पळत आला. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं. आप्पा ओरडले, “कुठं बघून चालतीस?” आणि मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, “दिसला न्हाय मला.” “खड्डा दिसला न्हाय?” आप्पांनी विचारलं. आईनं मला वर ओढून घेतलं आणि पदरानं माझ्या केसांतली भाजी पुसली.

खरं तर मला बरेच दिवस कळत होतं. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं. मग दिवसाही कडेकडेचं जग गळून पडायला लागलं. सूत गुंडाळायच्या कांडीच्या भोकातून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, आणि ते भोकही बारीक होत चाललं होतं. बेळगावात दाखवलं, मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चांगलं समजावून सांगितलं, की डोळ्याच्या मागचा पडदा सुकत चाललाय, ह्याला चष्मा नाही की ऑपरेशन नाही, थोडा उजेड पुढंही कळत राहील. घरी येताना एसटीत आप्पांनी कडेची जागा घेतली. मी खिडकीशी बसले होते आणि बाहेर जे जे दिसेल ते अधाशासारखं बघत होते. निपाणीच्या अलीकडे तंबाखूची शेतं लागली, तेव्हा आप्पांनी माझं डोकं धरून खिडकीकडं वळवलं. “बघून घे,” म्हणाले. ते त्यांनी मायेनंच केलं असणार, पण त्या हाताचा दाब मला आजही आठवतो. सगळं संपत आलंय असं मला कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं, ते त्या हातानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी घरात धागा बांधला. विणकराला दुसरं काय सुचणार? ताण्याचा चिवट धागा घेतला, चौपदरी पीळ घातला, भिंतींना खिळे ठोकले आणि माझ्या कमरेच्या उंचीवर सगळ्या घरातून तो फिरवला. माझ्या खाटेपासून स्वयंपाकघर, तिथून न्हाणीघर, तिथून कांड्या भरायच्या रहाटापर्यंत. वळणावर गाठी मारल्या. खड्ड्याजवळ धाग्याला चिंधी बांधली; चिंधी हाताला लागली की थांबायचं आणि भिंतीला चिकटून जायचं. हे मला फार आवडलं होतं, ते आधी सांगून टाकते, कारण पुढं मी त्या धाग्याबद्दल वाईट बोलणार आहे. त्या धाग्यामुळं मी घरात कुणाला हाक न मारता हिंडू लागले. रहाटावर बसून कांड्या भरू लागले, आणि बोटांनी धागा तुटलेला कळायला डोळे लागत नाहीत. अण्णा म्हणायचा, हिच्या कांड्या सगळ्यांत चांगल्या. दिवस जात होते. फक्त तो धागा पुढच्या दाराच्या चौकटीला संपत होता, आणि मीही तिथं संपत होते. दारात आले, हाताला धाग्याचं टोक लागलं, की थांबायचे. बाहेर गाड्या होत्या, उघडं गटार होतं, कुत्री होती, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बघणारी माणसं होती. मी मागं फिरायचे. मैत्रिणी आधी यायच्या, मग सणावारी यायला लागल्या, मग त्यांची लग्नं झाली.

गिरिजा टीचर आमच्याकडं आल्या त्या अशा वेळी. शहरात खडेबाजाराच्या पलीकडं आंधळ्या माणसांसाठी काम करणारी एक संस्था होती. तिची माणसं गल्लोगल्ली हिंडून विचारायची, तुमच्याकडं कुणाला दिसत नाही का. आमच्या शेजारच्या कलावतीकाकूंनी आमचं दार दाखवलं. टीचर धारवाडकडच्या, मराठी मोडकी पण बेधडक. त्यांना स्वतःला एका डोळ्यानं अंधुक दिसायचं आणि दुसऱ्यानं काहीच नाही, तरी त्या धारवाडहून येऊन शहरात एकट्या खोली घेऊन राहत होत्या. हे ऐकून आईनं हातातलं काम खाली ठेवलं. टीचरांनी धाग्याला हात लावला, त्याच्याबरोबर सगळ्या घरातून चालत गेल्या, चौकटीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “छान बांधलंय. पण हे इथंच संपतंय.”

त्यांनी पिशवीतून घडीची पांढरी काठी काढली. ती खटाखट उघडून सरळ झाली तेव्हा मी दचकले. आप्पांनी तिला हात लावला नाही. घरात धागा आहे, बाहेर मी आहे, मग काठी कशाला, असं त्यांचं म्हणणं. टीचर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की संस्थेत टेलिफोन चालवायचं आणि बोटांनी वाचायचं शिक्षण आहे, जागा एक आहे, आणि अट अशी की शिकणाऱ्यानं रोज घरून एकट्यानं यायचं. शिकवायला त्या येतील. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात जमलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला. एवढ्या वेळात मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. आप्पा नको म्हणत होते, आणि मी स्वतःच्याच तोंडून ऐकलं, “मी जातो.” आमच्याकडं बायकाही ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच म्हणतात; मागांच्या दणक्यात टीचरांना वाटलं, शेडच्या दारात उभा अण्णाच बोलला. त्या अण्णाकडं वळून म्हणाल्या, तुम्ही नाही, ती. त्यावर सगळे हसले, आप्पासुद्धा, आणि त्या हसण्यात माझं जायचं ठरून गेलं.

शिकणं म्हणजे रोजचं मरण होतं. काठी डावीकडं टेकली की उजवा पाय, उजवीकडं टेकली की डावा. गल्लीच्या डाव्या अंगाला गटार, त्याला फरशीची कड. टीचर सांगायच्या, काठीचं टोक त्या कडेला लागत राहिलं पाहिजे, कड सुटली की थांब, कड सापडली की चाल. मी घामानं भिजायचे. एखादी मोटारसायकल जवळून गेली की मी भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटायचे. टीचर मागून कानडीत म्हणायच्या, “हेदरब्याड.” घाबरू नको. मला राग यायचा. घाबरू नको म्हटल्यानं कधी कुणाची भीती गेली आहे का? आता मी स्वतः त्याच संस्थेत मुलींना काठी शिकवते, पिरनवाडीहून रोज बस धरून येते, माझा फोन मला मराठीत बोलून वेळ सांगतो आणि कुठला स्टॉप आला तेही सांगतो. पण घाबरू नको असं मी एकाही मुलीला सांगत नाही. मी म्हणते, घाबर, पण चालता चालता घाबर. मीही अजून घाबरते. नवीन रस्ता आला की गुडघे अजून तेच करतात.

काही दिवसांनी मला गल्ली जमायला लागली. जमली कशी, ते सांगते. विणकराची पोर मी. मला प्रत्येक घराचा माग ओळखता यायचा. आधी अण्णाचे दोन माग, जोडीनं चालणारे. मग कलावतीकाकूंचा, त्याचा पट्टा सैल होता, मधेच तो ठेच लागल्यासारखा अडखळायचा. पुढच्या घरी मागाच्या आवाजातही ऐकू यावा म्हणून रेडिओ गळा फाटेपर्यंत लावलेला. त्याच्यापुढं एक मोठी शेड, तिथं इतके माग की अंगावर आवाजाची भिंतच यायची, आणि तिथंच गल्ली उजवीकडं वळायची. वळल्यावर आवाज मागं पडत जायचा, चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह ऐकू यायला लागायचा, की आलाच मोठा रस्ता आणि बसचा स्टॉप. मग मला कड कशाला हवी? मी गल्लीच्या मधून ताठ चालायला लागले आणि काठी नुसती नावाला फिरवू लागले. आई-अण्णा कौतुक करायला लागले. आप्पा दारातून बघत असत.

टीचरांना ते दोन दिवसांत कळलं. त्यांनी मला गल्लीच्या मधोमध थांबवलं आणि माझा हात धरून काठीचं टोक गटाराच्या कडेला नेऊन टेकवलं. म्हणाल्या, “आवाज ऐक. पण त्याच्या भरवशावर राहू नको. आवाज बंद पडतो. कड बंद पडत नाही.” मी व्हय म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मधूनच चालले. कानांवरचा एवढा विश्वास कोण सोडणार? वडगावात माग बंद पडतील हे मनात आणायचं म्हणजे सूर्य उगवणार नाही असं मनात आणण्यासारखं होतं, आणि तरीही करंट तर रोज जायचा. तो दुपारचा जायचा, सकाळी नाही, एवढ्यावर मी निर्धास्त होते.

वर्ग सुरू व्हायचा त्या सोमवारी आई पहाटेच उठली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असा डबा बांधला, कपाळाला मंगाई देवीचा अंगारा लावला आणि मग बराच वेळ माझी वेणी घालत बसली, घातलेली सोडून पुन्हा घातली. आप्पा दारात उभे होते. मी धाग्याच्या शेवटच्या गाठीपर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, “जा. पण एक ध्यानात ठेव. मधनं माघारी आलीस, तर परत न्हाय धाडणार.” त्यांचा आवाज इतका कोरडा होता की मला वाटलं, मी माघारी यावं असंच ह्यांना वाटतंय. मी काठी उघडली. धाग्यावरचा हात सोडताना बोटं ऐकेनात, एकेक सोडवावं लागलं.

अण्णाचे माग मागं पडले. कलावतीकाकूंचा माग अडखळला, तो ओलांडला. रेडिओवर कन्नड गाणं चाललं होतं. मी मधून चालले होते, पाय नीट पडत होते, आणि मनात असं आलं की आता मोठी शेड येईल, आवाज अंगावर येईल आणि मी वळेन. तेवढ्यात गाणं ओळीच्या मधेच तुटलं. मग एकेक माग धापा टाकत थांबला. शेवटचा पट्टा सरसरत बंद झाला आणि गल्ली नाहीशी झाली. दुसरा शब्द मला सापडत नाही. डोळ्यांतून जग गेलं तेव्हा ते हळूहळू गेलं होतं, निरोप घेत गेलं होतं. हे एका दमात गेलं. मी कुठं उभी आहे, गटार किती लांब आहे, मोठी शेड पुढं किती आहे, काही काही कळेना. कानांत नुसता घूं असा आवाज राहिला.

तरीही माझं तोंड मोठ्या रस्त्याकडं आहे एवढं मला ठाऊक होतं. पण दारं उघडली, माणसं बाहेर आली, आणि कलावतीकाकू धावत आल्या. मायेचीच बाई. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला गर्रकन वळवून म्हणाल्या, “कुठं चाललीस गं एकटी? चल, घरला सोडतो तुला.” मी हिसडा मारून सुटले, आणखी अर्धी फिरले, आणि मग उरलीसुरली दिशाही गेली. आता दारादारातून आवाज यायला लागले. कुणी म्हणे उजवीकडं सर, कुणी म्हणे तिच्या उजवीकडं न्हवं, माझ्या. कुणी काकूंवर ओरडला, कुणी मला थांब म्हणाला, कुणी चल म्हणाला. मी एक पाऊल टाकलं आणि तो पाय घोट्यापर्यंत गटारात गेला. तोल सावरताना काठी हातातून सुटली. ती फरशीवर पडल्याचा आवाज आला, पण कुठं ते कळलं नाही.

मी खाली बसले. गुडघे टेकून, सगळ्या गल्लीच्या देखत, दोन्ही हातांनी जमीन चाचपत. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही. पडायची, लागायची ती भीती नव्हती. ही माझी उरलेली सगळी वर्षं अशीच जमीन चाचपण्यात जाणार, ही भीती होती. रडू येत होतं आणि मी ते दाताखाली धरलं होतं. मनात आलं, जाऊदे टेलिफोन. कुणीतरी हाताला धरावं आणि त्या धाग्याच्या टोकापर्यंत नेऊन सोडावं, मी परत कधी काही मागणार नाही. काठी सापडली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, पण उठायचं बळ नव्हतं.

आणि मग ‘ठक्’ असा आवाज आला.

जाड, लाकडी, मधे उसंत घेणारा. पुन्हा ‘ठक्’. गल्लीतल्या दारादारातली माणसं गप्प झाली. सगळ्या वडगावात त्या घटकेला वाजत असलेला बहुधा तो एकच माग होता, कारण आप्पांच्या मागाला करंट लागत नव्हता. ते खड्ड्यात उतरले होते आणि ठोके मारत होते. विणत नव्हते, ते मला लगेच कळलं. धोट्याचा आवाज नव्हता, नुसती फणी आदळत होती, विणताना कधी आदळत नाहीत इतक्या जोरानं. आप्पा मला बोलावत होते. घर इकडं आहे, ये, असं ते सांगत होते. आवाज माझ्या डाव्या कानाशी येत होता. मला फक्त डावीकडं वळून चालू लागायचं होतं.

मी उठले. डावीकडं वळलेही. आवाज बरोबर तोंडासमोर आला. तिथं माझी खाट होती, रहाट होता, भाकरीचा वास होता. आणि त्यांचा तो कोरडा आवाजही आठवला, मधनं माघारी आलीस तर परत न्हाय. घर समोर आहे, म्हणजे रस्ता माझ्या मागं आहे, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी सावकाश वळत गेले. आवाज उजव्या कानावर आला, मग कानामागं गेला, मग बरोबर दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीवर आला. तिथं मी थांबले. काठी डावीकडं लांब केली, टोक फरशीच्या कडेला लागलं. पहिलं पाऊल कसं पडलं ते मला ठाऊक नाही. कड, पाऊल. कड, पाऊल. कड सुटली की थांबले, सापडली की चालले. मागून ठोके चालूच होते. मी लांब गेले तसे ते वाढले, घाईघाईनं पडायला लागले, आणि मला समजलं की कुणीतरी दारातून आप्पांना सांगितलं असणार, पोरगी उलटी चाललीय. कड उजवीकडं वळली तेव्हा मीही वळले, आणि आवाज भिंतींआड गेला. मग स्टोव्ह ऐकू आला. चहाच्या गाड्यावरच्या माणसानं काही न विचारता माझ्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. बस आली.

त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला बिलकूल आठवत नाही. टीचरांनी माझा भिजलेला पाय आणि खरचटलेले तळवे हातानं चाचपले आणि विचारलं, करंट गेला काय? मी व्हय म्हटलं. त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी चपाती माझ्या डब्यात ठेवली. परत येताना गल्लीत माग दणाणत होते, तरी मी कड सोडली नाही.

घरी आप्पा जेवायला बसले होते. मी धागा धरून माजघरात आले आणि खड्ड्यापाशी चिंधी हाताला लागली म्हणून थांबले. आई काहीतरी बोलून वेळ मारून नेत होती. आप्पांनी ताट सरकवलं.

“मी तुला माघारी बोलवाय लागलतो,” ते म्हणाले.

“कळलं मला,” मी म्हटलं.

“मग आली का न्हाईस?”

मी काय सांगणार? तुम्ही होता म्हणून रस्ता सापडला, हे मला त्या वयात बोलता आलं नाही. मग आप्पांच्या नाकातून एक आवाज आला, आणि मला कळलं की ते रडत आहेत. मी त्याआधी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. “लई भ्यालो गं मी,” एवढंच ते म्हणाले, आणि आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन निघाले तेव्हा आप्पा दारात नव्हते. पावड्यांचा करकर आवाज आला. ते खड्ड्यात उतरत होते. मला वाटलं, आज हे पुन्हा बोलावणार. मी चौकटीपाशी आले, धागा सोडला, काठी उघडली आणि तशीच उभी राहिले. आतून पहिला ठोका पडला.

“उभी का राहिलीस?” आप्पा आतून मोठ्यानं म्हणाले. “जा की. वाजवतोय मी.”

मी बाहेर पडले. ते त्या दिवशी वाजवत राहिले, आणि मी टेलिफोनवर नोकरीला लागले तोवर रोज सकाळी वाजवत राहिले. त्या दिवशी करंट होता. अण्णाचे दोन्ही माग चालू होते, सगळी गल्ली दणाणत होती, आणि उंबरा ओलांडल्यावर आप्पांचा माग मला मुळीच ऐकू येत नव्हता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.